दोन आटे

४ नोव्हेंबर

प्रिय गिरमिट,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा असतो. एकोणीस वर्षांनी तो कोणत्या तोंडाने लिहावा हे कळेना, म्हणून तेवढी जागा मोकळी सोडली आहे. तू, तुझी बायको आणि मुलगी, सगळे बरे असाल असं धरून चालतो. मुलगी आता कॉलेजात असेल, नाही का? मला ती अजून दुपट्यातलीच आठवते.

पत्ता जुन्या हत्यारांच्या दुकानदाराने दिला. तो तिकडे माल आणायला जातो. म्हणाला, "तुमचा मेव्हणा ना? बसस्थानकामागे पंप दुरुस्त करतो. डाव्या हाताला बोट कमी आहे, पण काम एकदम पक्कं." मी मान हलवली आणि एक कानस उगाचच विकत घेऊन बाहेर पडलो.

तर कामाचं बोलतो. मला ड्रिल मशीनवर मिलिंग करायचं आहे आणि ते मला जमत नाहीये.

हस, पोटभर हस. तीस वर्षं मिलिंग मशीनवर काढलेला माणूस, टूलरूममध्ये ज्याच्या मशीनला दुसऱ्याने हात लावलेला खपत नसे, तो आता ड्रिलवाल्याला विचारतोय. तुला 'गिरमिट' हे नाव मीच ठेवलं होतं. "ड्रिलने भोकं पाडावीत, कडा-खाचा मिलिंगवर कापाव्यात, आपली पायरी सोडू नये," हे मी दिवसातून दोनदा तरी ऐकवायचो. तू ऐकायचास आणि तसाच गालातल्या गालात हसत ड्रिलवरच कडा कापत बसायचास. ते हसणंच मला जास्त झोंबायचं, हे आता सांगायला हरकत नाही.

आपला कारखाना बंद पडल्याचं तुला कळलंच असेल. दोन वर्षांपूर्वी सगळी मशिनं विक्रीला काढली. माझं मिलिंग मशीन आठ माणसांनी आणि एका क्रेनने उचललं. ते कोणाच्या दारात गेलं, देव जाणे. ते माझ्या मागच्या खोलीत मावण्यातलं नव्हतंच. पण कोपऱ्यात तुझं ड्रिल उभं होतं. त्यावर बोटभर धूळ बसली होती. तू गेल्यावर त्याला फारसा कुणी हात लावला नव्हता. ते मी घरी आणलं. लोकांना सांगितलं, दारातून आत जाईल असं तेवढंच एक होतं.

आता पराक्रम ऐक. एक छोटी पोलादी पट्टी आहे, तळहाताच्या निम्मी. तिच्या कडेला उभी पायरी काढायची आहे, कागदासारखी पातळ. कशासाठी ते मग सांगेन. मी कटर सरळ ड्रिलच्या चकमध्ये, भोकं पाडायचं पातं धरतात त्या जबड्यातच, धरला आणि पट्टी पकडलेला वाइस आडवा सरकवायला लागलो. आधी पट्टी थरथरायला लागली, मग मशीन, मग टेबलावरची चहाची बशी. कटर चकमधून हळूहळू खाली उतरत होता हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. कड अशी झाली की उंदरांनी कुरतडली म्हणून सांगावं. नशीब, ती रद्दीतली पट्टी होती. दुसऱ्या दिवशी वेग कमी केला. तिसऱ्या दिवशी अख्खं चकच वरून निसटलं आणि फिरत फिरत टेबलावर पडलं. मी बटण बंद केलं आणि स्टुलावर बसून राहिलो. चहा झाला, जेवण झालं, तरी त्या खोलीत परत गेलो नाही.

तू कसं करायचास? वेग किती, कट किती खोल, आणि चक का निसटतं? तू बनवलेला कटरचा होल्डर आणि त्याला वरून ओढून धरणारा तो लांब बोल्ट, ड्रॉबार म्हणायचास तू त्याला, दोन्ही मशीनच्या पेटीत तसेच मिळाले. पण तो कसा बसवायचा ते मला ठाऊक नाही. जरा लिहून कळव.

बाकी इकडे ठीक. वरच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहायला आले आहेत. मशीन लावलं की ते जमिनीवर काठी आपटतात. पहिल्यांदा राग आला. आता काठी वाजली की बरं वाटतं. या घरात मी एखादी गोष्ट केली आणि कुणी त्यावर काही म्हणालं, असं दिवसात तेवढंच एकदा होतं.

लोखंडाचा कीस घरभर झाला आहे. चपला पुसून आत यायची सवय मोडली. स्वयंपाकघरातही कीस, अंथरुणातही कीस. पूर्वी एक कण जरी पायाला लागला तरी घर डोक्यावर घेतलं जायचं.

हे सगळं लिहिण्याआधी जे लिहायला हवं होतं ते आता लिहितो. तुझी ताई गेली. मार्च महिन्याच्या अकरा तारखेला, सकाळी. फार दिवस आजारी नव्हती. तुला कळवलं नाही. पत्ता नव्हता, असं मी सगळ्यांना सांगितलं, स्वतःलाही. दुकानदाराला विचारायला मला आठ महिने लागले, आणि त्याचं दुकान माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे.

उत्तर दे किंवा देऊ नकोस. पण वेगाचं तेवढं कळव.

भावोजी


१८ नोव्हेंबर

प्रिय गिरमिट,

उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल असं मानून चाललो होतो, पण आपल्याकडे पोस्ट इतकंही वाईट नाही.

मशीनवर परत जुनी चादर टाकली आहे. ती चादर तुझ्या ताईची. मी मशीन आणलं तेव्हा तिने दारातूनच विचारलं, "हे कशाला?" म्हटलं, भोकं पाडायला. मग तिने जवळ येऊन त्याच्या खांबावरून हात फिरवला. "हे त्याचंच ना?" मी हो म्हणालो. ती आत गेली, चादर आणली आणि वरून टाकली. तुझ्याबद्दल ती त्या दिवशी एवढंच बोलली. म्हणजे माझ्यासमोर.

तू समजून असशील की ती रागातच गेली. तसं नाही. राग होता तो पहिली दोन-तीन वर्षं. अपघातात तुझं बोट गेलं आणि वर नोकरीही गेली तेव्हा तिला माझं उतरलेलं तोंड दिसलं, तुझा हात दिसला नाही. "यांनी शब्द टाकून तुला कारखान्यात लावलं आणि तू यांना खाली मान घालायला लावलीस, परवानगीशिवाय मशीनवर नको ते करत बसलास." तू पट्टी बांधलेला हात घेऊन दारात उभा होतास. ती म्हणाली, "पुन्हा या घराची पायरी चढू नकोस." तू चढला नाहीस. तू तिचाच भाऊ, हट्टात तिच्यापेक्षा तसूभर जास्त.

मी तेव्हा आतल्या खोलीत होतो. बाहेर आलो नाही.

नंतर राग गेला आणि नुसता अडून बसलेपणा उरला. तू आधी यावंस असं तिला वाटायचं, आणि तुला कदाचित तिने बोलवावं असं. मध्ये मी होतो. एक कार्ड टाकलं असतं तरी झालं असतं. मी का टाकलं नाही ते आज लिहीत नाही.

दुपारी फार शांत असतं इथे. परवा दोन कप चहा ओतला. दुसराही मीच प्यालो. वाया कशाला घालवायचा.

भावोजी


२ डिसेंबर

प्रिय गिरमिट,

तुझं पत्र आलं. पोस्टमनने दारात दिलं तेव्हा मी त्याला बसायला सांगत होतो. तो बिचारा म्हणाला, "आजोबा, अजून शंभर घरं आहेत." मग उभ्याउभ्याच फोडलं.

सात ओळी. तुझं अक्षर तेच आहे, ड्रॉइंगवर मापं लिहितात तसं सुटं सुटं. मी इतक्यांदा वाचलं की पाठ झालं. खरं वाटत नसेल तर ही घे नक्कल:

"भावोजी, पत्रं मिळाली. ताईचं वाचलं. त्यावर मला आत्ता काही लिहिता येत नाही. चक काढून टाका. ते वरून दाबायला असतं, आडवा जोर त्याला सोसत नाही, म्हणून निसटतं. होल्डर घाला, कटर त्याच्या स्क्रूने धरा. वेग सगळ्यात खालचा, कट नखाइतका, वाइस कटरच्या उलट दिशेने सरकवा. ड्रॉबार वरून घालून पान्याने आवळा, नुसता हाताने नाही. मी नेहमी पान्याने आवळायचो. त्या दिवशी बहुतेक विसरलो. तेव्हापासून प्रत्येक बोल्ट दोनदा आवळतो. रात्री घराचं कुलूपही तीनदा ओढून बघतो, बायको हसते. तुम्ही विसरू नका."

मी इतकंच विचारलं होतं आणि तू इतकंच सांगितलंस. तरी त्यातल्या एका वाक्याखाली मी पेन्सिलीने रेघ ओढली आहे.

तू सांगितल्याप्रमाणे केलं. होल्डर बसवला. त्याची शेपटी वर निमुळती, मशीनच्या फिरत्या स्पिंडलमध्ये कशी चपखल बसते! आवाज न होता, नुसतं हाताला बसल्याचं कळतं. हे तू सुट्टीच्या दिवशी लेथवर वळलं होतंस ना? मी तेव्हा म्हणालो होतो, "गिरमिटाला टोपी शिवली." बाकीचे हसले होते. आता चष्मा लावून बघितलं. असा निमुळता भाग मला वळता आला नसता. हे मी तुला कारखान्यात, चार लोकांसमोर सांगायला हवं होतं. आता इथे ऐकायला फक्त मास्तरांची काठी आहे.

ड्रॉबार वरून घातला, पान्याने आवळला. रद्दीतल्या पट्टीवर पहिला कट घेतला. आवाजच बदलला, गिरमिट! खडखड गेली, एकसारखी शीळ लागली. कड आरशासारखी. मास्तरांनी काठी आपटली नाही. खाली उतरून विचारायला आले, "आज बिघडलं वाटतं?"

आता पट्टी कशाची ते सांगतो.

तुझ्या ताईच्या शिवणयंत्राची सरकपट्टी. बॉबिनच्या वरची, बोटाने ओढली की उघडते ती. मूळची हरवली होती. बाजारात त्या जुन्या मॉडेलची मिळेना. तिने औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून तिथे बसवला होता. पुठ्ठा तेलाने ओला व्हायचा, दोऱ्यात अडकायचा, दर दोन महिन्यांनी नवा कापायचा. मला म्हणायची, "तीस वर्षं मशीनवर उभे राहता आणि माझी एवढीशी पट्टी होत नाही." मी म्हणायचो, घरात मिलिंग कुठे आहे. कारखान्यात घरचं काम करणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. मला तत्त्वं फार होती.

मग ती म्हणायला लागली, "तो करून देणार होता. करतो म्हणाला आणि विसरला." हे तुझ्याबद्दल. हे ती अगदी शेवटच्या हिवाळ्यापर्यंत म्हणाली, पुठ्ठा कापताना.

तू विसरला नव्हतास. मला माहीत होतं. अपघाताच्या दिवशी तुझ्या मशीनवर वाइसमध्ये तीच पट्टी होती. तुला दवाखान्यात नेलं तेव्हा ती किसाच्या ट्रेमध्ये पडली होती. एक कड पूर्ण, दुसरी निम्म्यावर आलेली. चौकशीत ती सापडली तर 'घरचं काम करत होता' असा आणखी एक ठपका येईल, म्हणून मी ती उचलून खिशात घातली. तुला वाचवलं, असं मी तेव्हा समजलो. थोडं खरंही आहे ते. पण मग ती पट्टी तिला दाखवता आली नाही. दाखवली असती तर ती म्हणाली असती, माझ्या पट्टीसाठी माझ्या भावाचं बोट गेलं? आणि मग ती तुला आणायला स्वतः निघाली असती. आणि तू आला असतास तर कधी ना कधी त्या दिवसाचं बोलणं निघालं असतं.

ती पट्टी स्क्रूच्या डब्यात तळाशी ठेवली होती. तीच आता वाइसमध्ये आहे. दुसऱ्या कडेचा उरलेला भाग अजून केलेला नाही. त्याआधी मला एक गोष्ट तपासून बघायची आहे. ती मी एकोणीस वर्षं टाळत आलो आहे. रद्दीतल्या पट्टीवर बघेन. झालं की लिहितो.

मुलीचं नाव काय ठेवलंत तेही मला ठाऊक नाही, म्हणून तिला नुसता आशीर्वाद.

भावोजी


५ डिसेंबर

प्रिय गिरमिट,

तपासलं.

आधी हे वाच की पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. ड्रॉबार कसा बसवायचा ते मला ठाऊक नाही, असं म्हणालो होतो. मला चांगलं ठाऊक होतं. मी तो एकदा काढून परत बसवला आहे. तुझ्या अपघाताच्या आदल्या संध्याकाळी.

तुला तेव्हाचं आठवतं का? छोट्या खाचांची कामं माझ्याकडे यायची बंद झाली होती. माझ्या मशीनवर तीन दिवस थांबायचं, तुझ्याकडे तासाभरात काम तयार. पर्यवेक्षक मला न विचारता वरच्या वर तुझ्याकडे पाठवायचे. ज्याला मी शब्द टाकून आणला, ज्याला कानस धरायला शिकवली, त्याच्या भोकं पाडायच्या मशीनसमोर रांग, आणि मी माझ्या भल्यामोठ्या मशीनसमोर हात पुसत उभा. मला जळफळाट व्हायचा. आज एवढ्या वर्षांनी त्याला दुसरं चांगलं नाव देता येईल का, असा पुष्कळ विचार केला. नाही देता येत.

त्या संध्याकाळी तू हात धुवायला गेला होतास. मी तुझ्या मशीनपाशी गेलो. त्या बोल्टात एवढं काय आहे ते बघायचं होतं. पान्याने सैल केला, वर ओढून बाहेर काढला, लांबी मोजली, आटे मोजले. मोडायचा, बिघडवायचा विचार मनात नव्हता, एवढ्यावर विश्वास ठेवता आला तर ठेव. मला तो नुसता बघायचा होता, आणि जमलं तर तसाच माझ्यासाठी करून घ्यायचा होता, तुला न विचारता. तेवढ्यात सुटीची घंटा झाली. तुझा आवाज ऐकू आला. मी बोल्ट परत आत घातला, हाताने दोन आटे फिरवले आणि बाजूला झालो. पाना लावला नाही. पाना लावताना तू मला बघितलं असतंस.

उद्या सकाळी सांगू, असं ठरवून घरी गेलो. सकाळी सांगायला आलोही होतो. खरंच आलो होतो. पण तुझ्याभोवती चार जण उभे होते, आणि पर्यवेक्षक म्हणत होते, "शिका याच्याकडून." मी अर्ध्या वाटेवरून परत फिरलो. मनात म्हटलं, जरा थांबू, हे लोक जाऊ देत. सकाळभर तुझं मशीन बंदच होतं; जेवणाच्या सुटीत तू ताईची पट्टी वाइसमध्ये लावलीस. त्यानंतर मी फक्त आवाज ऐकला, आणि नंतर तुझा.

चौकशीत मला विचारलं, आदल्या दिवशी मशीन ठीक होतं का. मी म्हणालो, "मला काय माहीत, मी मिलिंगवर असतो." शेवटी त्यांनी लिहिलं की कट जास्त खोल घेतल्यामुळे होल्डर सुटला. ते वाक्य मी घट्ट धरून ठेवलं. खोल कट. म्हणजे बोल्ट सैल असता-नसता तरी सुटलाच असता. म्हणजे मी नव्हे. तुझी ताई तुला बोलत होती तेव्हा मी आतल्या खोलीत हेच मनाशी घोकत बसलो होतो. आणि पुढे एकोणीस वर्षं, ती पुठ्ठा कापत असताना, शेजारी बसून.

म्हणून मला हे तपासायचं होतं.

परवा सकाळी होल्डर बसवला, ड्रॉबार घातला, हाताने दोन आटे फिरवले आणि सोडून दिला. त्या दिवशी केलं होतं तितकंच. समोर प्लायवूडचं जाड फळकूट बांधलं, वाइसच्या हँडलला लांब दांडा लावला आणि आडोशाला उभा राहिलो. कट नखाइतका ठेवला, तू सांगतोस तसा. खोल मुळीच नाही. मनात एकच होतं, सुटू नये. हाताने आवळलेला टिकला आणि खोल कटाने सुटला असं निघालं, तर मी सुटलो. मास्तर जिन्यात उभे राहून विचारत होते, "अहो, हे काय चाललंय?" मी बटण दाबलं.

पहिली फेरी नीट गेली. दुसरी नीट. तिसऱ्या फेरीत आवाज किंचित बदलला. बाहेरच्या माणसाला कळला नसता, मला कळला. चौथ्या फेरीच्या मध्यावर होल्डर खाली आला, कटर पट्टीत रुतला आणि तुटला. तुकडा फळकुटात घुसून बसला. अंगठ्याएवढा.

मग मी पान्याने आवळून करून बघितलं. चाळीस फेऱ्या. खोल कटही घेतला, चौकशीत लिहिला होता त्याहून खोल. होल्डर हलला नाही.

गिरमिट, हे मी तुला घरी येऊन सांगायला हवं. येण्याचं धैर्य नाही, म्हणून लिहितोय. तू त्या दिवशी विसरला नव्हतास. तू आदल्या दिवशी आवळून ठेवला होतास, पान्याने, नेहमीसारखा, आणि तो तसाच असणार असं समजून चाललास. दुसऱ्या कुणी तुझ्या बोल्टाला हात लावला असेल हे तुझ्या स्वप्नात कशाला येईल? तू एकोणीस वर्षं घराचं कुलूप तीनदा ओढून बघतोस ते माझ्यामुळे. तुझं पत्र आलं नसतं तर मला हे कळलंही नसतं. मला वाटायचं, तू निदान नशिबाला बोल लावत असशील. तू स्वतःला लावत होतास.

एवढं लिहून झालं आणि चहा ठेवला. मास्तर खाली आले. दोघांनी चहा घेतला. त्यांनी फळकुटातला तुकडा बघितला. जाताना म्हणाले, "रोज लावा मशीन, माझी हरकत नाही." बहुधा माझा चेहरा बघून म्हणाले असतील.

काल पट्टी पुरी केली. दुसऱ्या कडेचा निम्मा भाग उरला होता, तेवढाच माझा. बाकी सगळी तुझ्या हातची आहे. जोड शोधून सापडत नाही, एका ठिकाणी मात्र नखाला किंचित लागतो. तिथपर्यंत तू आणि तिथून पुढे मी. घासून काढता आला असता, काढला नाही. पुठ्ठा काढून ती मशीनला बसवली. बोटाने ओढली, उघडली. ढकलली, मिटली. कट असा छोटा आवाज होतो. मी बराच वेळ ती उघडत आणि मिटत बसलो. तिला ऐकवायला हवं होतं हे म्हणण्याचा मला हक्क नाही, पण म्हणतो.

शिवणयंत्र तुझ्या घरी पाठवायचं आहे. तू आलास तर तुझ्या हवाली करीन, नाही आलास तर दुकानदाराच्या टेम्पोतून येईल. तुझी बायको शिवत असेल, नाहीतर मुलगी. तिला एकदा सांग, ही पट्टी तिच्या बापाने तिच्या आत्यासाठी केली होती, आणि तो विसरला नव्हता. कधीच, काहीच विसरला नव्हता.

सोबत दुसरा कागद जोडला आहे. चौकशीत सांगायला हवं होतं ते त्यावर लिहून खाली सही केली आहे. कारखाना राहिलेला नाही, द्यायचा कुणाला, म्हणून तुला देतो. तुझ्या बायकोला वाचून दाखव. आता रात्री कुलूप एकदाच ओढत जा.

माफी मागत नाही. मागितली तर तुला ती द्यायची की नाही याचा विचार करत बसावं लागेल, आणि मी तुला पुरेसं कामाला लावलं आहे.

बोल्ट तू आवळला होतास. सैल मी केला.

तुझा भावोजी

('भावोजी' हा शब्द आता नको वाटला तर खोडून टाक. त्याच्या वरची ओळ खोडू नकोस.)